आईच्या पाठीवरची जखम आणि तज्ज्ञाचं मत

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची. घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. १९ दिवसांनी घरी आणली आणि कुशीवर वळवताना बहिणीला माकडहाडाच्या वर तळहाताएवढी जखम दिसली. डिस्चार्ज कार्डावर तिचा उल्लेखच नाही. पुढे सात आठवडे घरी ड्रेसिंग चाललं, संसर्ग रक्तात गेला आणि आई गेली. आम्हाला ग्राहक आयोगात जायचं आहे. वकील म्हणतात, तज्ज्ञ डॉक्टरचा अहवाल जोडल्याशिवाय तक्रार दाखलच होत नाही. तीन डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकानं चहा पाजला, बाकीच्या दोघांनी तोही नाही. थोरले बंधू म्हणतात, आईचं वय झालं होतं, आता कशाला. दीड वर्ष होत आलं. ताई, काय करावं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ती डिस्चार्जच्या दिवसापासून मोजा, आई गेल्या त्या दिवसापासून नको. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि ‘डॉक्टर अहवाल देईनात’ हे कारण मला तरी भरवशाचं वाटत नाही. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम सहा महिने आहेत.

आता अहवालाचं. तुमच्या वकिलांचं म्हणणं बरोबर नाही, पण ते कुठून आलं ते सांगते. २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करायची तर आधी त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत हवं. तो निकाल फौजदारी खटल्यांपुरता होता. २००९ मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठानं तीच अट ग्राहक मंचांनाही, म्हणजे आजच्या आयोगांनाही, लावली. तेव्हा आम्ही सगळ्या वकिलांनीच डोक्याला हात लावला होता. पण पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, व्ही. किशन राव प्रकरणात न्यायालयानं स्पष्ट केलं, की ही सरसकट अट आधीच्या मोठ्या पीठांच्या निकालांशी जुळत नाही आणि ती सगळ्या तक्रारींना लावता येणार नाही. मामला गुंतागुंतीचा असेल तेव्हाच तज्ज्ञाचा पुरावा मागवायचा, आणि ते आयोगानं प्रकरण पाहून ठरवायचं. तेव्हा अहवाल नाही म्हणून तुमची तक्रार दारातूनच परत पाठवता येत नाही. १५ वर्षं होऊन गेली तरी २००९ चा निकाल वकिलांच्या खोल्यांतून अजून फिरतोच आहे.

पण म्हणून अहवालाचा नाद सोडून द्या असं मी म्हणणार नाही.

काही चुका स्वतःच बोलतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईंची नसबंदी झाली आणि पोटात टॉवेल राहिला. त्या वाचल्या नाहीत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली निकाली निघालं. पोटात टॉवेल राहू नये, हे सांगायला कुठल्या प्राध्यापकाची गरज नव्हती. बेडसोअरचं, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या तुमच्या आईसारख्या जखमेचं, तसं नाही. तो चांगल्या शुश्रूषेतही होऊ शकतो. मधुमेह, अंगात प्रथिनं कमी, रक्तपुरवठा मंद, त्यात मोडलेला खुबा, असा पेशंट अवघड असतोच. रुग्णालयाचं उत्तर काय असणार, ते तुमच्या थोरल्या बंधूंनी आधीच देऊन ठेवलं आहे : वय झालं होतं. वृद्धांच्या प्रत्येक प्रकरणात तेच उत्तर येतं, आणि ते अर्धं खरं असतं म्हणूनच खोडायला जड जातं. तज्ज्ञाची गरज तिथे लागते.

वकिलीत येण्याआधी मी ११ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली सहा ऑर्थोच्या वॉर्डात. बेडसोअर म्हटलं की माझं लक्ष डॉक्टरच्या आधी सिस्टरच्या चार्टकडे जातं. पडून असलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. ओली चादर लगेच काढायची. दिवसातून दोनदा तरी बॅक केअर, म्हणजे पाठ पुसायची आणि त्याच वेळी नीट बघायची. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचललं आणि लाली फिकी पडली नाही, तर ती पहिली पायरी. मग सालपट निघतं, मग आतली चरबी दिसते, चौथ्या पायरीला स्नायू नाहीतर हाड. पेशंट दाखल होताच धोका मोजायचा तक्ताही असतो. ब्रेडेन स्केल म्हणतात त्याला, १९८७ पासून जगभर वापरात आहे. सहा मुद्दे, ६ ते २३ गुण. जितके गुण कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा खाली आले की जपायचं.

तेव्हा डॉक्टर शोधत फिरण्याआधी कागद मिळवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत रुग्णानं किंवा अधिकृत नातेवाइकानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत असं आहे, आणि दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ‘संपूर्ण फाइल’ असं मोघम लिहू नका, नाहीतर डिस्चार्ज कार्ड आणि चार रिपोर्ट हातात पडतील. नावं घालून मागा : दाखल होतानाची तपासणी, नर्सिंग नोट्स, पोझिशन चार्ट (कूस कधी बदलली त्याचा), टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास), इनटेक-आउटपुट (पोटात गेलेलं पाणी आणि बाहेर पडलेली लघवी), औषधांचा तक्ता, ड्रेसिंगच्या नोंदी. त्यांनी दिलं नाही, तर तो नकारही आयोगापुढे पुरावाच आहे.

हे कागद कसे वाचायचे? एका जुन्या प्रकरणातलं सांगते. आजोबा ८१ वर्षांचे, अशीच जखम. पोझिशन चार्ट मात्र देखणा. दोन-दोन तासांच्या प्रत्येक खान्यात बरोबरची खूण, सगळ्या एकाच निळ्या पेनातल्या आणि एकाच तिरप्या वळणाच्या. सहा दिवस, तीन पाळ्या, म्हणजे निदान चार-पाच सिस्टर आलटून पालटून आल्या असणार, आणि हात सगळ्यांचा एक. मी डायलिसिसचा कागद काढला. त्यावर यंत्र सुरू केल्याची वेळ दुपारी १:४०, बंद केल्याची ५:५०. वॉर्डातल्या चार्टवर त्याच दिवशी दुपारी २ आणि ४ ला ‘कूस बदलली’, आजोबा वॉर्डात नसताना. आमच्या तज्ज्ञ सर्जनांनी ती फाइल दोनदा वाचली होती. त्यांच्या नजरेतून ते सुटलं, कारण सर्जन सिस्टरचा चार्ट वाचत नाहीत, हे मी ११ वर्षं पाहिलेलं आहे. ती जागा दाखवल्यावर त्यांनी अहवालाचं एक पान नव्यानं लिहिलं.

म्हणूनच डॉक्टरला नुसतं ‘निष्काळजीपणा झाला का?’ असं विचारू नका. तो शब्द ऐकला की डॉक्टर खुर्ची मागे सरकवतो, आणि तो ठरवणं त्याचं काम नाहीच, आयोगाचं आहे. त्याला वैद्यकाचे प्रश्न विचारा. दाखल होताना पाठ कशी होती, त्याची नोंद आहे का? या पेशंटला बेडसोअरचा धोका किती होता आणि तो कोणी मोजला का? अशा पेशंटसाठी काय करणं रूढ आहे? त्यातलं काय केल्याची नोंद दिसते? जखम कितव्या पायरीची, आणि या फाइलमध्ये ती पहिल्यांदा कधी दिसायला हवी होती? शेवटचा आणि सगळ्यात जड प्रश्न : रक्तातला संसर्ग त्या जखमेतूनच आला असं कशावरून? त्यासाठी जखमेतल्या पुवाचा आणि रक्ताचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे कुठला जंतू आहे ते सांगणारी तपासणी, शोधा. दोन्हीकडे जंतू एकच निघाला असेल, तर अहवालात ते ठळक यायला हवं. घरी सात आठवडे ड्रेसिंग चाललं, तेव्हा तिथे हयगय झाली असंही समोरून म्हटलं जाईल. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांच्या पावत्या आणि बहिणीनं मोबाइलवर काढलेले फोटो तारखेसकट जपा. मूळ फोन विकू नका.

‘घोर निष्काळजीपणा’, ‘अक्षम्य हेळसांड’ असल्या विशेषणांनी भरलेले तीन पानी अहवाल मी पाहिले आहेत. उलट बाजूची लेखी प्रश्नावली आली की ते पहिल्याच प्रश्नाला आडवे होतात. अहवालात तारीख, वेळ आणि फाइलचा पान क्रमांक हवा. सोबत प्रतिज्ञापत्र, आणि मान्यवर पाठ्यपुस्तकातल्या संबंधित पानांच्या प्रती.

कोणाकडे जायचं? रुग्णालयाच्याच शहरातला सर्जन सही करणार नाही, त्याला तिथेच राहायचं आहे. दुसऱ्या जिल्ह्यातले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले प्राध्यापक बघा. ऑपरेशनबद्दल तक्रार नसल्यामुळे ऑर्थोपेडिकच पाहिजे असंही नाही. जनरल सर्जन किंवा वृद्धांचे फिजिशियन चालतील. आणि तज्ज्ञ म्हणजे डॉक्टरच, असं साक्षीच्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही, त्या विषयातली विशेष जाणकार व्यक्ती एवढंच म्हटलं आहे. शुश्रूषेच्या प्रश्नावर नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या अनुभवी बाईंचं प्रतिज्ञापत्र डॉक्टरच्या अहवालासोबत जोडायला मी कधीच कचरत नाही.

कोणीच तयार झालं नाही, तर तक्रार मुदतीत दाखल करा आणि कागद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे मतासाठी पाठवावेत, असा अर्ज द्या. वरचे प्रश्न त्या अर्जातच घाला. नुसती फाइल गेली की ‘उपचार प्रचलित पद्धतीनुसार दिसतात’ असं दोन ओळींचं उत्तर येतं. समितीचं मत विरुद्ध गेलं तरी सगळं संपलं असं नाही, ते आयोगावर बंधनकारक नसतं.

बिल ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते. बंधूंना सांगा, तक्रारीत त्यांचीही सही घेतलेली बरी, तेही वारस आहेत.

प्रश्न : वडिलांवर (वय ८३) सरकारी रुग्णालयात मोफत उपचार झाले. आम्हाला ग्राहक आयोगात जाता येईल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात ठरलं आहे. नाममात्र नोंदणी फी भरल्यानं त्यात फरक पडत नाही. तुम्हाला दिवाणी न्यायालयात जावं लागेल. मात्र पैसे विमा कंपनीनं भरले असतील, तर तो उपचार मोफत धरत नाहीत.

प्रश्न : आमचे जावई स्वतः एम.डी. आहेत. सासूबाईंच्या प्रकरणात त्यांनीच तज्ज्ञ म्हणून अहवाल दिला तर चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्यानं मनाई नाही. पण प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न ‘तक्रारदाराशी तुमचं नातं काय?’ हा येईल, आणि त्यापुढे अहवालाला फारसं वजन उरत नाही. जावयांना एखाद्या रविवारी फाइल घेऊन बसवा, प्रश्न त्यांच्याकडून काढून घ्या, अक्षर लागत नाही ती पानं वाचून घ्या. अहवालावर सही मात्र घरातल्या कोणाची नको.