सोकोबानसारख्या गेमच्या लेव्हल एडिटरचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटला कळेल असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: खोके ढकलायच्या गेमचा एडिटर तुम्ही केलाय, त्यातली फंक्शन्स एजंटला (म्हणजे ती स्वतः वापरून काम करणाऱ्या भाषा मॉडेलला) टूल म्हणून दिलीत, प्रत्येकाचं वर्णनही लिहिलंय, तरी एजंट मोडक्या लेव्हल बनवतो. शिवाय वर्णनं मराठीत ठेवली तर चालतील का, हेही तुम्ही विचारलंय. मी फावल्या वेळात असाच एडिटर बांधतोय, म्हणून अनुभवातून सांगतो.

टूल काय करतं एवढंच लिहून भागत नाही. ते वापरण्याआधी पटावर काय असायला हवं आणि वापरल्यावर पटावर काय उरतं, हे लिहावं लागतं. माणसाला चूक डोळ्यांनी दिसते, तो लगेच अनडू करतो. एजंटला पट दिसतच नाही. तुम्ही मजकुरात जे परत पाठवाल, तेवढंच त्याचं जग.

माझ्याकडे काय झालं ते पाहा. सोकोबानची लेव्हल मजकुरात लिहायची एक रूढ पद्धत आहे: # म्हणजे भिंत, @ खेळाडू, $ खोका, टिंब म्हणजे लक्ष्य, जिथे खोका ढकलत न्यायचा ती चौकट. लक्ष्यावर बसलेला खोका * आणि लक्ष्यावर उभा खेळाडू +. माझ्या ‘सेट_टाइल’चं वर्णन एका ओळीचं होतं: ‘दिलेल्या चौकटीत दिलेलं चिन्ह ठेवतं.’ एजंटने लक्ष्याच्या चौकटीत $ ठेवला आणि खालचं लक्ष्य पुसलं गेलं. खोके तीन, लक्ष्यं दोन. तपासणीत ते अडकल्यावर त्याने भलत्याच कोपऱ्यात नवं लक्ष्य टाकलं आणि लेव्हलचा आकारच बिघडला. दोन संध्याकाळी मी मॉडेलला दोष देत बसलो होतो. खरं तर मी लिहिलं होतं, तेच त्याने तंतोतंत केलं होतं.

आता तिथे असं लिहिलंय: ‘चौकटीतलं आधीचं चिन्ह पूर्ण पुसून नवं ठेवतं. लक्ष्य राखून खोका ठेवायचा असेल तर * वापरा. लक्ष्यं मोजताना टिंब, * आणि + तिन्ही धरले जातात.’ हे लिहिल्यापासून ती चूक जवळजवळ बंद झाली. पुढे मी जमीन आणि वस्तू असे दोन थरच वेगळे केले. वर्णनात इतके अपवाद लिहावे लागत असतील तर टूलच बदलणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिशा आणि मोजणी गृहीत धरू नका. आधी ओळ की आधी रकाना, मोजणी ० पासून की १ पासून, ओळींचे आकडे खाली वाढतात की वर, हे प्रत्येक टूलच्या वर्णनात पुन्हा लिहा. एमसीपीमधून (मॉडेलला बाहेरची टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) टूल देत असाल तर एजंटपुढे मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा साचा येतो. तुमची सविस्तर रीडमी, म्हणजे प्रकल्पाची माहिती देणारी फाइल, त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. आणखी एक: भाषा मॉडेल मजकूर टोकनच्या तुकड्यांत वाचतं, सलग आलेले नऊ # त्याला नऊ वेगळी चिन्हं म्हणून दिसतीलच असं नाही. म्हणून नुसता नकाशा परत पाठवू नका, त्याच्यासोबत ‘खोके: (२,३), (४,१)’ अशी यादीही द्या.

एररचा मजकूर हेही डॉक्युमेंटेशनच आहे, आणि एजंट ते अगदी ऐन गरजेच्या वेळी वाचतो. ‘अवैध लेव्हल’ याने काहीच साधत नाही. ‘खोके ३, लक्ष्यं २, शेवटच्या बदलात (२,३) इथलं लक्ष्य पुसलं गेलं’ असं म्हटलं की तो स्वतःच सावरतो.

सॉल्व्हरबद्दल, म्हणजे लेव्हल सुटते का हे तपासणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, विशेष जपा. सोकोबान पीस्पेस-कम्प्लीट आहे, म्हणजे संगणकासाठी फार अवघड मानल्या जाणाऱ्या कोड्यांच्या वर्गात मोडतं, हे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ मध्येच दाखवलंय, तेव्हा काही मोठ्या लेव्हलवर तुमचा सॉल्व्हर वेळ संपून थांबेल हे धरूनच चाला. ‘सुटते’, ‘सुटत नाही हे सिद्ध’ आणि ‘वेळ संपली, माहीत नाही’ ही तीन उत्तरं वेगळी ठेवा. माझ्याकडे शेवटची दोन एकच होती आणि एजंट चांगल्या लेव्हल मोडून टाकायचा. लक्ष्य नसलेल्या कोपऱ्यात खोका अडकला की तो कायमचा अडकला, कारण खोका फक्त ढकलता येतो, ओढता येत नाही. हा नियमही लिहाच. आपल्याला तो इतका अंगवळणी पडलेला असतो की लिहायचं सुचत नाही.

मराठी चालते, मी वापरतो. पण मराठीत ‘वर’ हा शब्द दगा देतो. ‘खोका लक्ष्याच्या वर ठेवा’ म्हणजे त्याच चौकटीत की एक ओळ वरती? मी आता ‘त्याच चौकटीत’ आणि ‘उत्तरेच्या चौकटीत’ असंच लिहितो. तसंच एकीकडे ‘खोका’ आणि दुसरीकडे ‘पेटी’ लिहिलंत तर एजंट त्या दोन वेगळ्या वस्तू समजू शकतो. माझ्याकडे त्याने ‘पेटी’साठी वेगळं चिन्ह मागितलं होतं.

तपासायला मी कोऱ्या संभाषणात फक्त टूल देतो आणि सांगतो: दोन खोक्यांची लेव्हल कर, त्यातला एक खोका सुरुवातीलाच लक्ष्यावर असू दे. मग निकालाआधी टूल-कॉलचा लॉग वाचतो. तो जिथे एकच टूल तीनदा वापरून पाहतो, तिथलं वर्णन अपुरं असतं. तुमच्या टाइल ठेवणाऱ्या टूलचं वर्णन इथे टाका, मी वाचून सांगेन.