बौद्धिक दिव्यांग भावाला सांभाळणाऱ्या आईला आठवडाभर विश्रांती कशी मिळवून द्यावी?

भाऊ २६ वर्षांचा, अधूनमधून फिट येते, आई त्याला सोडून एक रात्रही राहिलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिल्याच खेपेला त्याला सात दिवस दुसरीकडे ठेवू नका. बहुतेक घरांत हे आईचं ऑपरेशन ठरल्यावर घाईघाईत होतं. मुलगा अनोळखी जागी जेवत नाही, झोपत नाही आणि दोन दिवसांत परत आणावा लागतो. तुमच्या हाताशी वेळ आहे, तर दोन-तीन महिने धरून चला.

सुरुवात घरातूनच करा. सांभाळणारी व्यक्ती, शक्यतो पुरुष कारण अंघोळ घालायची आहे, आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास येऊ दे. आधी आई घरात असताना, मग ती तासभर बाहेर गेल्यावर. त्यानंतर जेवण, मग अंघोळ, आणि शेवटी रात्र. सगळ्यात अवघड झोपायची वेळ असते, ती घाईने गाठू नका. घरी एक रात्र जमली की अशा मुलांना थोडे दिवस ठेवून घेणाऱ्या निवासी केंद्रात आधी दिवसभर, मग एक रात्र, मग तीन.

आईच्या डोक्यात जे आहे ते दोन पानांवर उतरवा. पोट दुखलं तर तो काय करतो, शू लागल्याचं कसं कळवतो, पोळी कुस्करून लागते का, कशाने बिथरतो आणि कशाने शांत होतो. शौचाची रोज नोंद ठेवायला सांगा. नव्या जागी पोट साफ होत नाही, त्याला ते सांगता येत नाही, आणि मग चिडचिड झाली की लोक त्याचा स्वभावच तसा आहे असं समजतात.

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, चिठ्ठीसह आणि तीन दिवसांची जास्त द्या. फिटच्या गोळीचा ब्रँड परस्पर बदलू देऊ नका. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या काही गोळ्या कुटून द्यायच्या नसतात. नवा माणूस त्या हमखास वरणात कुटून घालतो, म्हणून हे ठळक लिहा. फिट आली तर घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय. डॉक्टरांनी फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो रात्री कोणाजवळ असेल हे नाव घेऊन ठरवा.

केंद्र बघायला जेवणाच्या वेळी जा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार संस्थेला नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागा. रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात, न कळवता भेटायला येता येतं का, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नावर आढेवेढे घेतले तर ती जागा सोडा. राष्ट्रीय न्यास ही बौद्धिक दिव्यांगांसाठीही काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे; तिच्या ‘समर्थ’ योजनेतली केंद्रं थोड्या मुदतीच्या निवासासाठीही असतात. जवळ एखादं आहे का, ते न्यासाच्या संकेतस्थळावर बघा. त्यांच्याच ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचारांचा खर्च मिळतो, पण राहण्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. भाऊ अठरा पूर्ण आहे, त्यामुळे कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला नसेल, तर तोही आता करून टाका. कागदपत्रांवर सही कोणाची, हा प्रश्न पुढे येतोच.

निघताना त्याची नजर चुकवून पळू नका. जितके दिवस तितके चौकोन असलेला कागद द्या, रोज एक खोडायचा, शेवटच्या चौकोनात आईचा फोटो. रोजचा फोन कर्मचाऱ्यांना करा. आईचा आवाज ऐकून तो रडवेला होत असेल, तर त्याला फोन देऊ नका.

आईचंही ठरवून ठेवा, नाहीतर ती सात दिवस घरातले डबे घासत बसेल. बहिणीकडे, गावी, कुठेही, पण घराबाहेर. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना नेमकं काम द्या: रविवारी दहा ते एक, जेवण भरवायचं.

परत आल्यावर काही दिवस तो चिकटून राहील, रागावेल, रात्री उठेल. इथेच बहुतेक घरांत आई म्हणते, ‘त्याला मानवलं नाही’, आणि सगळं बंद होतं. अंगावर वळ, वजनात घट, कोणा एका माणसाची भीती दिसली तर जरूर थांबा आणि चौकशी करा. नुसता रुसवा असेल, तर पुढच्या दीड-दोन महिन्यांतली दुसरी तारीख त्याला घ्यायला जाल तेव्हाच ठरवून या.