आधी शुक्रवार सांग

प्रिय,

सप्रेम सलाम.

वधस्तंभाची गोष्ट ऐकून पाच-सहा वर्षांची मुले घाबरतील, तेव्हा यंदा ईस्टरला शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, रंगीत अंडी आणि कोषातून निघणारे फुलपाखरू एवढ्यावरच पुनरुत्थानाचा धडा भागवावा का, असे तू विचारले आहेस. भागवू नकोस. शुक्रवारी येशू मेला, हे आधी सांग.

कोषातला जीव मेलेला नसतो; त्याचे फुलपाखरू व्हायचे ठरलेलेच असते. येशूच्या कबरेकडे निघालेल्या बायकांना मात्र तसले काहीच ठरलेले वाटत नव्हते. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात त्या प्रेताला लावायला सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे निघतात, आणि वाटेत त्यांना एकच घोर असतो, की दारावरची धोंड कोण लोटणार? हा घोर मुलांना चटकन कळतो. त्यांना त्या वाटेवर थोडे चालू दे. धोंड लगेच लोटू नकोस. योहानाच्या शुभवर्तमानात रडणारी मग्दालीया मरीया, त्याच बायकांपैकी एक, येशूला माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारल्यावरच त्याला ओळखते. त्या हाकेचे नवल वाटायला तो मेला होता, हे ठाऊक असावे लागते.

मीही पूर्वी ‘येशू तीन दिवस झोपला आणि उठला’ असे गोड करून सांगत असे. त्याच उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलाची आजी वारली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा तो आजीच्या चपला पिशवीत घालून दारात बसला होता. आजीला अनवाणी पुरले होते आणि रस्ता तापला होता, म्हणून त्याला त्या कबरस्तानात न्यायच्या होत्या. मला एक शब्द सुचला नाही. ती पिशवी मी अजून विसरलेले नाही.

खिळ्यांचे आणि रक्ताचे वर्णन नकोच. ते रंगवून सांगणाऱ्यांचाही मला राग येतो. तो मेला, त्याला कबरेत ठेवले, त्याची माणसे रडली, एवढे पुरे. शुक्रवार ते रविवार तीन दिवस कसे, असे कोणी बोटे मोजून विचारलेच, तर त्या काळचे यहूदी अर्धामुर्धा दिवसही धरत, एवढे सांग आणि पुढे जा. ‘माझी आजी कधी उठणार?’ हा प्रश्न मात्र टाळू नकोस. येशू उठला म्हणून तीही उठेल अशी आपली आशा आहे, पण तो दिवस मला ठाऊक नाही, हे त्याच्या डोळ्यांत पाहून सांग.

पुढच्या वर्षी मी ‘मेला’ हा शब्द वापरला, तेव्हा एका पालकाने तक्रार केली आणि काही काळ वर्ग माझ्याकडून गेला. त्या हट्टात थोडा गर्व होता, हे मी नाकारत नाही. पण शब्द मी बदलला नाही, आणि तूही बदलू नकोस.

अंडी जरूर रंगव, मात्र गोष्ट झाल्यावर. त्यासाठी मी कांद्याच्या साली साठवून ठेवल्या आहेत. शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझी,
जुनी बाई