सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कारखान्याला आतल्या हवेचं, आवाजाचं मॉनिटरिंग करावं लागतं का? एमपीसीबीचा (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) रिपोर्ट चालेल का? आमची शिफ्ट बारा तासांची आहे.

करावं लागतं. आणि एमपीसीबीसाठी काढलेल्या रिपोर्टवर ते भागत नाही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, आणि हा प्रश्न दर ऑडिटला कोणीतरी विचारतंच.

‘सेझ म्हणजे परदेश, इथे फॅक्टरीचे नियम नाहीत’ असं तुम्हाला सांगणाऱ्याने अर्धंच वाचलंय. सेझ कायदा, 2005च्या कलम 53ने ही जागा सीमाशुल्क हद्दीबाहेरची मानली आहे, तीही मंजूर कामकाजापुरती. म्हणजे ड्युटीच्या हिशेबात माल परदेशात. माणसं मात्र सकाळी घणसोलीहून बसने येतात. कलम 49खाली केंद्राला सेझपुरते इतर कायद्यांत फेरफार करता येतात, पण त्याच कलमाच्या परंतुकाने कामगार कल्याण आणि कामाची परिस्थिती हे विषय त्यातून वगळलेत. 21 नोव्हेंबर 2025पासून कारखाने अधिनियम, 1948च्या जागी 2020ची सुरक्षा-आरोग्य संहिता आली, तरी सेझबाबतचं उत्तर बदलत नाही.

आता रिपोर्टचं. एमपीसीबीला कुंपणापाशी काय पोचतं ते हवं असतं. औद्योगिक क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 75, रात्री 70 डेसिबल. आत मशीनपाशी उभ्या माणसासाठी ती आठ तासांना 90, आणि 95 असेल तर फक्त चार तास. हवेचंही तसंच. जुन्या अधिनियमाच्या कलम 41-एफ आणि दुसऱ्या अनुसूचीत बऱ्याच रसायनांना दोन आकडे होते : आठ तासांची सरासरी आणि पंधरा मिनिटांची मर्यादा. टोल्युइनला (शाईतलं सॉल्व्हंट) 100 आणि 150 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), अमोनियाला 25 आणि 35. हा दुसरा आकडा लोक विसरतात.

एका पाऊच प्रिंटिंगच्या युनिटमध्ये (नाव राहू दे) लॅबवाल्याने हवेचा नमुना ओढणारा पंप दाराजवळच्या टेबलावर ठेवला होता. रिपोर्ट अर्थातच सुंदर आला. मी दुसऱ्यांदा पंप ऑपरेटरच्या पट्ट्याला बांधायला लावला आणि वाफ शोषून धरणारी कोळशाची नळी कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर. दिवसभराची सरासरी तेव्हाही मर्यादेतच. पण शिफ्टच्या शेवटी तो शाईचा ट्रे धुतो, ओणवा होऊन, टोल्युइनमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी. त्या पंधरा मिनिटांची नळी वेगळी लावली, तर 150च्या वर. मागून उभा पंखा सुरू. वाफ ट्रेवरून उचलली जाऊन त्याच्या अंगाच्या आडोशाला, म्हणजे नेमकी तोंडासमोर घुटमळत होती. पंखा हलवला, ट्रेच्या कडेला एक्झॉस्टचं तोंड आणलं. नवं मशीन घ्यावं लागलं नाही.

म्हणून लॅबला ऑर्डर देताना ‘चार लोकेशन’ असं लिहून मोकळे होऊ नका. कुठला माणूस, कुठलं काम, किती मिनिटं, पंपाचा फ्लो आधी किती आणि नंतर किती, हे रिपोर्टमध्ये मागा. नाही दिलं तर बिल अडवा.

तुमच्याकडे बारा तासांची शिफ्ट आहे असं लिहिलंय. मग आठ तासांचा आकडा जसाच्या तसा धरू नका. एक्स्पोजर दीडपट, आणि शरीराला सावरायला सोळाऐवजी बाराच तास. आमच्या धंद्यात वापरतात त्या सूत्राने मर्यादा सरळ निम्मी होते, टोल्युइनला 50. कायद्यात हे सूत्र नाही, पण मी तेच धरतो.

आणि सॅम्पलिंग शनिवारी, अर्धी लाइन बंद असताना उरकू नका. जुलैत घ्या, पाऊस आत येतो म्हणून सगळी शटर खाली ओढलेली असतात तेव्हा.