गोव्याहून मुंबईकडे सायकलने येताना दुपारी समोरून वारा लागतो, काय करावं?

फेब्रुवारीत पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) लावून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालात आणि दुपारी ताशी १३ किमीच्या वर वेग जात नाही, असं लिहिलंय तुम्ही. त्यात नवल नाही. या दिवसांत कोकणात दुपारचे खारे वारे बहुतेक वायव्येकडून येतात. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्याला ते ढकलतात, तुमच्या तोंडावर येतात. मोहीम अजून कागदावर असती तर सरळ सांगितलं असतं, सायकल रेल्वेत टाका आणि उलट्या दिशेने या.

आता निघालाच आहात तर आधी वेगाचा नाद सोडा. सामानासह सपाटीवर ताशी २० किमीने जायला साधारण ८०-८५ वॉट लागतात. समोरून ताशी १५ किमी वारा असेल तर तेवढ्याच ताकदीत १३ मिळतात. २० च हवे म्हणाल तर सव्वादोन पट ताकद लागते. गुडघे तिथेच दुखायला लागतात. चढावर उतरवता तसे गिअर उतरवा, मिनिटाला ८०-८५ पेडल फिरू द्या आणि दोन वाक्यं सलग बोलता येतील इतपतच दम लागू द्या.

खरा उपाय घड्याळात आहे. पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात, तेही मंद. साडेपाच-सहाला निघा (दिवे लावून), अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर उरका. वाऱ्याचा जोर दुपारी दोन ते चार सर्वात जास्त. जेवण आणि जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे या फेरीबोटी शक्यतो त्या वेळेत बसवा. उघड्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) दुपारी जाऊ नका, तिथे आडोशाला झाडही नसतं. रोजचा ९० किमीचा बेत ६० वर आणा.

अंग वाऱ्याला जितकं कमी दिसेल तितकं बरं. कोपरं वाकवून पाठ खाली घ्या. सरळ हँडल असेल तर मोकळ्या रस्त्यावर हात मधे स्टेमजवळ (हँडल सायकलला जोडलेलं असतं तिथे) घेता येतात, पण तिथून ब्रेक लांब पडतो हे ध्यानात ठेवा. तंबूची गुंडाळी कॅरिअरवर आडवी बांधली असेल तर उभी करा. फडफडणारं जाकीट आणि फुगणारं रेनकव्हर काढून टाका. पावसाळा नाही, कव्हर हवंय कशाला?

दोघं असाल तर मागच्याने पुढच्याच्या आडोशाला राहावं, मीटरभर अंतर ठेवावं, दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बदलावा. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा. चाकाला चाक चिकटवणं या रस्त्यांवर नको.

घाम लगेच वाळतो, त्यामुळे तहान कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्या, सोबत मीठ घातलेलं कोकम सरबत.

खाडीपुलांवर जपा. समुद्र तुमच्या डावीकडे, म्हणजे झोत तुम्हाला उजवीकडे वाहनांच्या बाजूला ढकलतो. पुलाआधी वेग कमी करा, हँडल घट्ट आवळू नका, डाव्या कडेला न चिकटता थोडी जागा राखा. वाऱ्याच्या आवाजात मागची एसटी ऐकू येत नाही, म्हणून उजव्या बाजूला आरसा लावाच.