.२२ रायफलीसाठी तिरपा बेस: २०, ३० की ४०?

तुमचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) एकूण ६० एमओए (कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग) उभ्या हालचालीचा आहे, झिरो (जिथे नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) ५० मीटरवर ठेवायचा आहे आणि अधूनमधून २०० मीटरवर मारायचे आहे, म्हणून २०, ३० की ४० एमओएचा बेस (स्कोप ज्यावर बसतो ती पुढे उतरती पट्टी) घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते २० चा घ्यावा. मात्र दुकानदार सांगतो म्हणून नव्हे, तर हिशेब मांडून.

सपाट बेसवर ३० वर आणि ३० खाली मिळतात असे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. स्कोपची मध्यरेषा नळीच्या साडेचार सेंटिमीटर वर असते आणि ५० मीटरपर्यंत गोळी स्वतः बाराएक सेंटिमीटर खाली आलेली असते, त्यामुळे झिरो लावण्यातच सुमारे ११ एमओए खर्च होतात आणि वर १९ उरतात. सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेग असलेल्या ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) गोळीच्या काडतुसाला ५० च्या झिरोवरून २०० मीटरसाठी साधारण २७ एमओए चढवावे लागतात, कारण तिथे गोळी दीड मीटरहून जास्त खाली पडते. म्हणजे सपाट बेस पुरत नाही. तिरप्या बेसचा उतार वरच्या हालचालीत मिळतो आणि खालच्या हालचालीतून वजा होतो, म्हणून २० च्या बेसवर वर ३९ आणि खाली २१ उरतात. ३० च्या बेसवर ४९ आणि ११. ४० च्या बेसवर ५९ आणि जेमतेम १, म्हणजे बेस किंवा रिंगांत किंचित फरक निघाला तरी ५० चा झिरोच लागणार नाही. ३०० मीटरला ५० एमओएहून थोडे अधिक लागतात, पण गोव्यात तेवढी मोकळी आणि परवानगीची जागा मिळणे कठीण, आणि आपल्या दहांतल्या नऊ फैरी ५० वरच झडतात. टरेट (स्कोपचा नेम सरकवायची घुंडी) टोकाला नेल्यावर आडवी हालचालही आक्रसते, म्हणून रोजचे अंतर मध्याजवळ राहिलेले बरे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या बेसवर २० एमओएचा उतार म्हणजे दोन टोकांत पाऊण मिलिमीटरहून किंचित कमी फरक, जवळजवळ एटीएम कार्डाची जाडी. तो डोळ्यांना दिसत नाही. मी माझा पहिला बेस उलटा, जाड टोक पुढे करून, कसला. एक इंची नळीच्या जुन्या स्कोपची टरेट वर संपली तरी ५० मीटरवरच्या गोळ्या काळ्या वर्तुळाच्या खालीच लागत राहिल्या, आणि मी दोन डबे काडतुसे त्या लॉटला दोष देण्यात घालवली. जाड टोक नेहमी मागे, नेमबाजाच्या डोळ्याकडे येते; कसण्यापूर्वी दोन्ही टोकांची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहा.

बेस एकसंध घ्या. दोन तुकड्यांच्या तिरप्या बेसवर रिंगा (स्कोप धरणारी कडी) बऱ्याचदा एका रेषेत येत नाहीत आणि स्कोपच्या नळीवर ताण येतो.

तुमच्या रायफलीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच (बेस पकडायची तिरप्या कडांची खोबण) असेल, तर पकड बसवण्यापूर्वी खाचेतले तेल स्पिरिटने पूर्ण पुसा. धक्का कमी असला तरी तेलकट खाचेत बेस कणाकणाने सरकतो. आपल्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवावाच लागतो. पण तो सगळे कसून झाल्यावर, आणि स्क्रूंच्या आट्यांत निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा, पण पुन्हा उघडता येणारा डिंक) लावून.