एकाच ग्रॅनाइटमधल्या झिरकॉनची वयं इतकी वेगवेगळी का येतात?

तुमचा प्रश्न असा की ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रॅनाइटच्या पेपरमध्ये बरेचसे झिरकॉन (ग्रॅनाइटमध्ये बारीक कणांच्या रूपात सापडणारं एक खनिज) 43 कोटी वर्षांचे आलेत आणि त्याच दगडातले काही कण 50-60 कोटींचे, काही तर 100 कोटींचे, मग यात लॅबची गडबड आहे का आणि दगडाचं खरं वय कुठलं धरायचं. गडबड बहुतेक काहीच नाहीये. उलट ते "जास्तीचे" आकडेच सगळ्यात कामाचे आहेत, कारण हा ग्रॅनाइट कशापासून झाला ते त्यांच्यातूनच कळतं.

एमएससीनंतर मी झिरकॉन वेगळे काढायचं काम बराच काळ केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. दगड क्रशरमधून बारीक करायचा, चाळायचा, पाण्याच्या हलत्या टेबलावर हलका माल वाहून जाऊ द्यायचा, चुंबकाला चिकटणारं काढून टाकायचं आणि उरलेलं मेथिलीन आयोडाइडमध्ये सोडायचं, त्याची घनता 3.3 च्या आसपास असते त्यामुळे क्वार्ट्झ-फेल्डस्पार वर तरंगतात आणि 4.6 घनतेचा झिरकॉन तळाला बसतो. मग मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक कण उचलायचा, तोही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, रेझिनमध्ये बसवायचा आणि निम्मा कण जाईपर्यंत घासायचा म्हणजे आतलं पोट उघडं पडतं.

आता या घासलेल्या कणावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की तो चमकतो आणि जे चित्र दिसतं ते बघण्यासारखं असतं. बाहेरच्या बाजूला बारीक बारीक समांतर पट्टे, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे, एकावर एक चढलेले. हा भाग शिलारसात शांतपणे वाढलाय. आणि काही कणांत मधोमध एक वेगळाच गाभा बसलेला दिसतो, गोलसर, त्याचे स्वतःचे पट्टे वेगळ्या दिशेने जाणारे आणि कडेला मध्येच तुटलेले. म्हणजे तो गाभा आधी कुठेतरी पूर्ण वाढला होता, नंतर झिजला किंवा अर्धवट विरघळला, आणि मग नव्या शिलारसात पडल्यावर त्याच्यावर नवीन थर चढला. तुमचे 100 कोटी गाभ्यातून आले असणार आणि 43 कोटी बाहेरच्या थरातून.

वय मोजता येतं कारण झिरकॉन वाढताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज घेतो पण शिसं जवळपास घेतच नाही, त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून नंतर झालेलं असतं. त्यात युरेनियमचे दोन समस्थानिक दोन वेगळ्या वेगाने शिशात बदलतात, म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं, दोन्ही एकच वेळ दाखवत असतील तर आकड्यावर भरवसा ठेवायचा. आणि 900 अंशांच्या वर तापवलं तरी चांगल्या झिरकॉनमधून शिसं सहजासहजी निसटत नाही म्हणून जुना गाभा शिलारसात पडूनही आपलं वय जपून ठेवतो.

मग जुने गाभे सगळ्याच ग्रॅनाइटमध्ये का नसतात? कारण शिलारस जितका गरम तितका त्यात झिरकॉन जास्त विरघळतो. 2003 साली मिलर आणि सहकाऱ्यांनी ग्रॅनाइटांची सरळ दोन गटांत तुलना केली, ज्यांत जुने गाभे भरपूर त्यांचं शिलारसाचं तापमान सरासरी 766 अंश सेल्सिअस निघालं आणि ज्यांत फारसे नाहीत त्यांचं 837. सत्तर अंशांचा फरक छोटा वाटतो पण अर्थ मोठा आहे, थंड गटातला शिलारस बहुधा बाहेरून पाणी मिळाल्याशिवाय इतका वितळलाच नसता. (आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टमध्ये झिरकॉन शोधायला जाऊ नका, तिथे तो जवळजवळ मिळतच नाही. म्हणून 2015 मध्ये दख्खनच्या लाव्ह्याचं वय काढताना दोन थरांच्या मधल्या लाल मातीतले, दुसरीकडून राखेबरोबर आलेले झिरकॉन वापरावे लागले.)

आता तुमच्या ऑस्ट्रेलियाकडे येतो. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या लॅकलन पट्ट्यातल्या ग्रॅनाइटांवरूनच चॅपेल आणि व्हाइट यांनी 1974 मध्ये एस-टाइप म्हणजे गाळाच्या खडकापासून झालेला आणि आय-टाइप म्हणजे अग्निजन्य खडकापासून झालेला अशी विभागणी केली, जी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करायला लावतात. तिथल्या एस-टाइपमध्ये 50-60 आणि 100 कोटींचे गाभे सापडतात आणि आजूबाजूच्या जुन्या गाळाच्या खडकांतल्या झिरकॉनची वयंही तीच, त्यामुळे गाळ वितळला हे पटतं. पण खरी मजा आय-टाइपमध्ये आहे. 2007 मध्ये केम्प आणि सहकाऱ्यांनी तिथल्या झिरकॉनच्या थराथरातला ऑक्सिजन आणि हाफ्नियम मोजला. मँटलमधून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, आलेल्या शिलारसात वाढलेल्या झिरकॉनमध्ये जड ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेल्या मापात 5.3 च्या आसपास असतं आणि पृष्ठभागावर पाण्याच्या संगतीत माती झालेला माल वितळला तर ते वर जातं. आय-टाइपमधले आकडे मँटलपासून सुरू होऊन गाळाकडे सरकत गेलेले दिसले, म्हणजे नुसता जुना अग्निजन्य खडक पुन्हा वितळला असं नसून मँटलचा नवा शिलारस गाळ पचवत पचवत ग्रॅनाइट झाला. अख्ख्या दगडाचं रासायनिक विश्लेषण केलं तर फक्त शेवटचं मिश्रण दिसतं, मिसळण्याचा क्रम झिरकॉननेच दाखवला. माझ्या मते त्या दोन नावांकडे उगमाचा पुरावा म्हणून बघणं आता सोडायला हवं, वर्णन म्हणून वापरा हवं तर.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीची. तिथला ट्युओलम ग्रॅनाइटसमूह म्हणजे एकच प्रचंड शिलारसाचा साठा हळूहळू बाहेरून आत थंड होत गेला असं वर्षानुवर्षं शिकवलं जायचं. 2004 मध्ये कोलमन, ग्रे आणि ग्लाझनर यांनी झिरकॉनची वयं काढली तर बाहेरचा भाग साधारण साडेनऊ कोटी आणि आतला साडेआठ कोटी वर्षांचा निघाला, म्हणजे एक कोटी वर्षांचं काम! तो प्रसिद्ध हाफ डोम ज्या खडकाचा आहे तो एकटाच सुमारे 40 लाख वर्षं बनत होता. एवढ्या काळात एकच साठा वितळलेला राहूच शकत नाही, तो कितीतरी आधी गोठला असता, म्हणून शिलारस टप्प्याटप्प्याने येत गेला असं मानावं लागतं. दर टप्प्याला किती भाग खरोखर द्रव होता यावर अजून भांडणं आहेत, कारण आधीच्या टप्प्यातला झिरकॉन पुढच्या शिलारसात उचलला जाऊ शकतो आणि मग बाहेरच्या थराचं वयसुद्धा दगड गोठण्याच्या थोडं आधीचं येतं.

तर तुमच्या दगडाचं वय 43 कोटीच धरा, फक्त प्रत्येक मोजणीचा ठिपका कणाच्या कुठल्या भागावर पडलाय ते पेपरमधल्या चमकत्या फोटोंवरून तपासा, अर्धा गाभ्यावर आणि अर्धा थरावर पडला असेल तर मधलंच एक अर्थ नसलेलं वय येतं. आणि तो ग्रॅनाइटही योसेमिटीसारखा टप्प्याटप्प्याने झाला का हे श्रिम्पच्या (कणावर आयनांचा बारीक झोत टाकून ठिपक्याठिपक्याने वय मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यांवरून ठरवायला जाऊ नका, तिथे चूक साधारण एक टक्का धरली तरी 43 कोटींवर ती 40 लाखांच्या पुढे जाते. त्यासाठी कण अख्खा विरघळवून टिम्सवर (समस्थानिक फार अचूक मोजणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर) मोजावा लागतो, त्यात चूक 0.1 टक्का किंवा त्याहून कमी असते.